पितृपक्षात जुनं चालतं

नातवंडांनो,

तुमचा निरोप मिळाला. नाताळच्या सुट्टीत येणार, आल्याबरोबर "ते जुनं गेमिंगचं मशीन" ताब्यात घेणार, त्यातलं सगळं पुसून पहिल्यापासून नव्याने घालून देणार, म्हणजे आजोबांना ते "फास्ट" होईल. शेवटी हसऱ्या चेहऱ्यांची रांग. इतक्या प्रेमाने धमकी द्यायला तुम्ही कुठे शिकलात कोण जाणे. आमच्या वेळी धमकी धमकीसारखी दिसायची.

म्हणून हे आत्ता लिहिते आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही "हो आजी, हो आजी" म्हणता आणि तुमची नजर माझ्या कानामागे कुठेतरी भलतीकडेच असते. मी जन्मभर कॉलेजात मुलींना इंग्रजी शिकवलं. कोण ऐकतं आणि कोण ऐकल्यासारखं करतं, हे मला मागच्या बाकापर्यंत दिसतं. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागेल. लागू दे. तेवढा वेळ तरी तुमचे हात त्या मशीनपासून लांब राहतील.

गेल्या नाताळात तुम्ही ते इथे काशीत ठेवून गेलात, तेव्हा त्याला "आजीला भेट" असं नाव दिलं होतं. भेटीचं खरं कारण असं होतं की धाकट्याला नवीन मिळालं होतं आणि जुनं बॅगेत बसत नव्हतं. दोन्ही हातांत धरायचा, मधे पडदा आणि बाजूंना बटणं असलेला तो काळा डबा. त्यात तुम्ही लिनक्स नावाची कसलीशी सिस्टिम घातली होती, खास खेळणाऱ्यांसाठी केलेली. मी डायनिंग टेबलावर मटार सोलत होते. मोठी मला समजावत होती, आणि सोललेले दाणे खातही होती.

"आजी, याची सिस्टिम कुलूपबंद आहे. तुला ती बदलताच येत नाही. म्हणजे तू हे मोडूच शकत नाहीस."

"मी काय मोडलं आहे आजवर?"

"वाय-फाय," धाकटा म्हणाला. "प्रिंटर. बाबांचा लॅपटॉप."

"लॅपटॉप मी नुसता पुसला होता."

"ओल्या फडक्याने, आजी."

तर असा माझा लौकिक. मोठीने पुढे सांगितलं की यात नवी आवृत्ती येते तेव्हा इथे एक खिळा, तिथे एक स्क्रू असं काही होत नाही. सगळी सिस्टिम अख्खी नवी येते आणि जुनीच्या शेजारी बसते. नवी नीट चालली तर उत्तम. नाही चालली तर जुनी तशीच्या तशी ठेवलेली असते. सुरू करताना आवाज कमी करायचं बटण दाबून धरायचं, दोन ओळी दिसतात, त्यातली खालची निवडायची. तुमचे खेळ, तुमचे फोटो, तुमचा पसारा हे सगळं वेगळ्या खोलीत. तिथे तुम्ही काय वाटेल ते करा.

तिला वाटलं मला कळलं नसेल. मला पहिल्या वाक्यातच कळलं होतं, कारण मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा इथे हीच पद्धत चालू होती. तुमच्या पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, सोवळ्यात स्वयंपाक करत. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या एकाही भांड्याला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. बाहेर आम्हाला मोकळीक होती. माझ्या खोलीत मी इंग्रजी पुस्तकं ठेवली, चिनी मातीचा कप ठेवला, कुणी काही म्हणालं नाही. पण तो कप घेऊन मी एकदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवलं, तर सगळी चूल विझवून, सारवून, पहिल्यापासून मांडली गेली. कपाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघर पुन्हा आदल्या दिवशी होतं तसंच्या तसं होतं, आणि मी बाहेर होते. त्या गेल्यावर मला वाटलं हा प्रकार संपला. तुम्ही तो परदेशातून डब्यात भरून आणलात. फरक एवढाच, की सासूबाई एखाद्या दिवशी बिघडल्या तर कालच्या सासूबाई परत आणायची सोय नव्हती.

तुम्ही गेल्यावर मी तो डबा उघडून बघितला. मला व्यवस्थेची आवड आहे, हे तुम्ही चेष्टेने सांगता तसं नाही, खरंच आहे. आत गेले तर कप्प्यांना, म्हणजे फोल्डरांना, दिलेली नावं बघून मला घेरी यायची वेळ आली. एकही शब्द पुरता लिहिलेला नाही. लिहिणाऱ्याला अक्षरामागे कर बसत असावा. माझ्या वर्गात एखादीने असं लिहिलं असतं तर मी वही परत केली असती. मी सौजन्याने एकदोन नावं दुरुस्त करायला गेले, तर इंग्रजीत उत्तर आलं की हा भाग फक्त वाचण्यासाठी आहे. मी मुलींना जन्मभर हेच सांगत आले, की पुस्तक वाचण्यासाठी असतं, त्यात रेघोट्या मारू नका. त्यांनी कधी ऐकलं नाही. या डब्याने मात्र ते शब्दशः अमलात आणलं होतं, आणि तेही माझ्याच बाबतीत. मी तो टेबलक्लॉथच्या खणात ठेवून दिला.

फेब्रुवारीत आजोबांना अर्धांगाचा झटका आला. तो भाग तुम्हाला माहीत आहे. उजवा पाय महिन्याभरात पुष्कळ सुधारला, जीभ तर पहिल्या दिवसापासून तेज होती. राहिला उजवा हात. हातातही करंगळी सोडून बोटं हळूहळू हलू लागली, पण अंगठा तळव्याला चिकटून बसला. व्यायाम करून घ्यायला स्कूटीवरून एक मुलगी येते. ती हिंदीत ओरडते, "बाबूजी, अँगूठा! अँगूठा उठाइए!" आणि आजोबा तिच्याकडे असं बघतात, जसं बँकेत असताना अपुऱ्या कागदपत्रांनिशी आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघत असत.

तिने दाबायला रबरी चेंडू दिला. आजोबा तो घेऊन गच्चीवर उन्हाला बसले आणि माकडाने नेला. दुसरा दिला, तोही नेला. त्या मुलीला संशय आला की आजोबा स्वतःच देतात. माझाही तसाच समज आहे. एकदा मी खालून स्पष्ट ऐकलं, "घे बाबा, तुझा अंगठा चांगला आहे."

आता यात तुम्हाला न सांगितलेली गोष्ट. आजोबांना चालायला यायला हवं होतं, जेवता यायला हवं होतं, हे सगळं खरं. पण त्यांच्या मनात एकच तारीख होती. भाद्रपदातल्या पितृपक्षात ते दरवर्षी अहिल्याबाई घाटावर स्वतः तर्पण करतात. वडिलांची तिथी त्यांनी नोकरीत असतानाही कधी चुकवली नाही. बदली कुठेही असो, रजा त्याच दिवशीची. तर्पणात पितरांना पाणी सोडायचं ते उजव्या हाताच्या अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधून. अंगठा बाजूला करावा लागतो, तेव्हा तिथून धार पडते. बोटांच्या टोकांवरून पडलं तर ते देवांना पोचतं. देवांना काशीत पाण्याची ददात नाही. आजोबांचा अंगठा उघडत नव्हता, म्हणजे त्यांनी कितीही पाणी घेतलं तरी त्यांच्या वडिलांना ते जाणार नव्हतं. यावर तुमचं काय मत असेल ते मला माहीत आहे, आणि मी ते विचारलेलं नाही.

तुमचा चुलतकाका, म्हणजे आजोबांच्या धाकट्या भावाचा मुलगा, उन्हाळ्यात एकदा सहज बोलून गेला, "काका, या वर्षी तुम्ही टेन्शन नका घेऊ. तुमच्या वतीने मी करून टाकतो. मला नाही तरी बाबांचं आणि आजोबांचं करायचंच आहे. वही तो हैं, तुमचेही तेच ना!"

हिशेबाने बरोबर होतं. त्याचे आजोबा ते यांचे वडील. आजोबा म्हणाले, "तुझं तू कर. माझं मी करीन." आणि मग दिवसभर बोलले नाहीत. त्यांच्या बाबतीत हे इतकं विरळ आहे की मी ताप बघितला.

मे महिन्यात खण आवरताना तो डबा माझ्या हाताला लागला. स्कूटीवाल्या मुलीने बघितला, बटणं दाबून पाहिली, दोन्हीकडच्या फिरणाऱ्या स्टिक अंगठ्याने हलवल्या आणि म्हणाली, "माताजी, ये तो बॉल से अच्छा है. बंदर भी नहीं ले जाएगा." माकडांबद्दल तिचा अंदाज जरा आशावादी होता, पण आम्ही खिडक्या लावून बसलो.

डब्यात धाकट्याचे नाना खेळ होते. बहुतेकांत माणसं एकमेकांना मारत होती आणि कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. आजोबांनी ते सगळे नापसंत केले. एकात मात्र परदेशातल्या रस्त्यांवरून मोठा मालाचा ट्रक चालवायचा होता. एका गावी भरायचा, दुसऱ्या गावी पोचवायचा. आजोबांना तो आवडला, कारण त्यात वेळ, माल आणि पावती असं तिन्ही होतं. आजोबांनी जन्मात सायकलशिवाय काही चालवलेलं नाही, हे मी इथे नोंदवून ठेवते.

पहिल्याच दिवशी ट्रक सुरू झाल्याबरोबर त्यांनी विचारलं, "हॉर्न कुठाय?"

मी शोधलं. धाकट्याने हॉर्न उजव्या स्टिकवर ठेवला होता. ती अंगठ्याने आत दाबायची. म्हणजे आधी अंगठा तळव्यावरून उचलायचा, स्टिकवर नेऊन ठेवायचा, मग दाबायचा.

"दुसरं कुठलं बटण नाही का?"

"नाही," मी म्हणाले. होती, पुष्कळ होती. मी कॉलेजात शिस्तीसाठी प्रसिद्ध होते, खरेपणासाठी नव्हते.

"हॉर्नशिवाय गाडी चालवतात का कुठे?"

"तिकडे चालवतात म्हणे."

"मग तिकडच्यांनी चालवावी."

आणि ते थांबून राहिले. परदेशातला तो गुळगुळीत, रिकामा रस्ता, दोन्ही बाजूंना हिरवी कुरणं, मागे शिस्तीत थांबलेल्या गाड्यांची रांग, आणि ट्रकमध्ये आपले आजोबा, हॉर्न वाजल्याशिवाय पहिला गिअर टाकायला तयार नाहीत. डाव्या हाताने त्यांनी उजवा अंगठा उचलून स्टिकवर ठेवला. खांद्याने जोर दिला. बऱ्याच वेळाने एकदाचा भोंगा वाजला. आजोबांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं, ते गोदौलिया चौकात रोज संध्याकाळी प्रत्येक रिक्षावाल्याच्या चेहऱ्यावर असतं.

त्यानंतर ते वाजवतच सुटले. वळणावर हॉर्न, पुलावर हॉर्न, गायींच्या कुरणाजवळून जाताना आपुलकीचा हॉर्न, सिग्नल लाल असताना सिग्नलला हॉर्न. त्या देशातली माणसं खरी असती तर आपल्या वकिलातीला पत्र आलं असतं. स्कूटीवाली मुलगी येऊन बघायची आणि वहीत काही तरी लिहायची. आषाढ येईतो डाव्या हाताची मदत सुटली. अंगठा आपला आपण उठू लागला. अडखळत, कुरकुरत, पण उठू लागला. पाऊस लागून घाटांवर पाणी चढलं, शिंद्यांच्या घाटाकडे जायची वाट बंद झाली, सगळी गल्ली घरात बसली, आणि आमच्या घरातून दिवसभर ट्रकचा भोंगा. शेजारच्यांनी विचारलं, "कुछ खरीदा है क्या?"

इथे चुलतकाका पुन्हा येतो. त्याचं मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीत आहे. दुकानात येणारी प्रत्येक वस्तू तो एकाच औषधाने बरी करतो. आतलं सगळं पुसतो आणि सगळीकडे असते ती नेहमीची सिस्टिम टाकतो. तापालाही तेच, मोडलेल्या हाडालाही तेच. तुम्हा दोघांचा निरोप वाचल्यावर मला पहिल्यांदा त्याचीच आठवण झाली. रक्त रक्तच असतं.

"काकू, हे काय लावून ठेवलंय? यात काहीच करता येत नाही!"

"हो ना," मी म्हणाले. "फार बरं आहे."

"अहो, ये कोई बात हुई? मालक तुम्ही, मशीन तुमचं, आणि तेच तुम्हाला आत नाही येऊ देत!"

"तुझ्या आजीचं स्वयंपाकघर आठवतं का तुला?"

त्याला आठवत नव्हतं. तो बसला आणि काय काय खटाटोप करून त्याने कुलूप तात्पुरतं उघडलं, आत आपल्या पसंतीच्या चार गोष्टी भरल्या. "देखिए काकू, अब उडेगा." डबा बंद करून पुन्हा सुरू केला, तर त्याच्या चारही गोष्टी नाहीशा. डबा सकाळी होता तसा. माझी चूल आणि कप आठवून मला जुना आनंद झाला, या वेळी उंबऱ्याच्या आतल्या बाजूने. चुलतकाका म्हणाला, "बडा जिद्दी है." आजोबा म्हणाले, "आईवर गेलाय."

तो विषय तिथे संपला असता. पण पडद्यावर कोपऱ्यात पाटी येऊ लागली की नवी आवृत्ती तयार आहे. मी तिकडे लक्ष दिलं नाही. आजोबांनी दिलं. भाद्रपदी पौर्णिमा जवळ आली तशी त्यांनी पंचांग काढलं.

"हे नवं जे काय यायचं ते पितृपक्ष लागायच्या आत येऊ दे. पितृपक्षात आपण नवं काही घेत नाही, सुरू करत नाही."

"अहो, ती साडी नाही."

"नवं ना?"

"नवं."

"मग झालं तर."

म्हणून पौर्णिमेच्या दुपारी मी चुलतकाकाला बोलावलं, कारण नुसतं एक बटण दाबायचं होतं आणि मी मोडणारी म्हणून घरात नावाजलेली. तो मधल्या काळात व्हिडिओ बघून तयार झाला होता. आता त्याला कळलं होतं की आपली वस्तू कायमची आत घालायची तर ती नव्या आवृत्तीच्या बरोबर शिवून टाकायची. त्याने वेग वाढवणारं काहीसं शोधून आणलं होतं. मी त्याला विचारलं, "हे तिच्यात बसेल का?" तो म्हणाला, "काकू, बैठेगा कैसे नहीं!"

बसलं. डबा बंद झाला, सुरू झाला, आणि पडदा काळा. दुसऱ्यांदा काळा. तिसऱ्यांदाही तोच रंग.

चुलतकाका मुळीच घाबरला नाही. बिघडलेल्या वस्तूंत तो सुखी असतो. "काही नाही, उद्या येतो. पूरा साफ करून असली वाला टाकतो. तासाभराचं काम."

दुसऱ्या दिवशी पितृपक्ष लागला होता. आजोबांनी त्याला दारातच सांगितलं, "आता पंधरा दिवस नाही."

"काका, सॉफ्टवेअर आहे हो! त्याला काय पितृपक्ष?"

"घर माझं आहे. घराला आहे."

"और आपका अँगूठा?"

आजोबांनी डावा हात उजव्यावर ठेवला. वडिलांची तिथी याच पंधरवड्यात, आठवडाभरावर होती. पुसून नवं टाकलं असतं तर त्यांचा ट्रक, त्यांनी पोचवलेला माल, हॉर्नचं ते बटण, सगळं गेलं असतं, हेही त्यांना चुलतकाकाच्या तोंडूनच कळलं होतं. "फिर से शुरू करेंगे, क्या है," असं तो उदार मनाने म्हणाला होता. पहिल्यापासून सुरू करायला मे महिना लागतो, आणि तो मागे गेला होता.

मी तुम्हाला निरोप पाठवला. "आजोबांचा डबा काळा पडला आहे, काय करावे?" नीट, पूर्णविरामासकट. बऱ्याच वेळाने धाकट्याचं उत्तर आलं. एक अंगठा. पिवळा, ताठ, उत्तम उघडलेला. घरात नेमकी त्याचीच टंचाई होती आणि तो तुम्ही फुकट वाटत होतात. मी तो आजोबांना दाखवला नाही.

ते तीनचार दिवस वाईट गेले. आजोबा खिडकीशी बसून हाताकडे बघत. चेंडू नको, व्यायाम नको. अंगठा पुन्हा आत वळायला लागला आहे असं मला वाटलं. स्कूटीवालीलाही वाटलं असावं, कारण ती ओरडली नाही. हळूच विचारलं, "बाबूजी, गाडी बंद क्यों है?" आजोबा म्हणाले, "ड्रायव्हर रिटायर हो गया." संध्याकाळी ते मला म्हणाले, "त्याला सांग, माझंही तूच कर." तुमच्या आजोबांनी मला लग्नानंतर आजवर खूप गोष्टी सांगितल्या आहेत. इतक्या हलक्या आवाजात एकही नाही.

मी चुलतकाकाला फोन केला नाही. मी स्वयंपाकघरात गेले आणि सवयीने ओटा पुसायला लागले. मटारचा मोसम नव्हता, पण मटार आठवले. दाणे खात बोलणारी मोठी आठवली. जुनी तशीच ठेवलेली असते. खालची ओळ.

बाहेर येऊन मी आजोबांना विचारलं, "पितृपक्षात नवं चालत नाही, कबूल. जुनं चालतं का?"

"म्हणजे?"

"पौर्णिमेच्या आधी जे होतं, तेच. नवं काही आणायचं नाही. जुनंच परत सुरू करायचं."

आजोबांनी विचार केला. अशा गोष्टीत ते घाई करत नाहीत. एकदा पंचांगाकडे हात गेला, मग परत आला.

"जुन्याला काय हरकत?" ते म्हणाले. "हा पंधरवडाच जुन्यांचा."

मी आवाज कमी करायचं बटण दाबून धरलं आणि डबा सुरू केला. काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या. मी चष्मा पुसला, खालची निवडली. मोठे, तुला एक सांगते. हे मी मोडूच शकत नाही असं तू म्हणाली होतीस, त्यावर त्या वेळी माझा काडीचाही विश्वास नव्हता. पण पडदा उजळला. तुमच्या पणजी कालच्यासारख्या जागेवर उभ्या होत्या. स्वयंपाकघर पौर्णिमेच्या आधी होतं तसं, आणि बाहेरच्या खोलीत आजोबांचा ट्रक जिथे उभा केला होता तिथेच, कुठल्याशा गावाच्या वेशीवर, माल भरलेला.

आजोबांनी तो घेतला. अंगठा उठायला वेळ लागला. मी मदत केली नाही. मग भोंगा वाजला, आणि पलीकडच्या घरातून आवाज आला, "आ गए, बाबूजी?"

त्यानंतर तिथीपर्यंत रोज मीच डबा सुरू करत होते, खालची ओळ निवडून, कारण न निवडता सुरू केला तर तो वरच्या काळ्या ओळीवर जायचा. चुलतकाकाला कळलं तेव्हा तो म्हणाला, "ये तो मला माहीत होतं." मी म्हणाले, "हो ना, तुझ्याकडूनच शिकले." तो खूश होऊन गेला. घरात शांतता राखायची तर असं बोलावं लागतं, आणि तुम्हालाही कधी तरी याचा उपयोग होईल.

तिथीच्या दिवशी पाणी उतरलं होतं, पण अहिल्याबाई घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर गाळ होता. आजोबा वरच बसले. चुलतकाकाने त्यांच्यासाठी तांब्यातून गंगेचं पाणी आणलं, त्यांच्या शेजारी आपलंही आसन मांडलं. मी मागे, छत्री आणि टॉवेल घेऊन, जिथे बायकांनी बसायचं तिथे. गुरुजींनी गोत्र आणि नावं सांगायला सुरुवात केली. चुलतकाकाने आजोबांच्या ओंजळीत पाणी घातलं. अंगठा उठेना. पाणी बोटांवरून ओघळून गेलं, देवांकडे, त्यांचं चालूच असतं. पुन्हा घातलं. पुन्हा तसंच. गुरुजी वाट बघत होते, आणि वाट बघणारे गुरुजी काशीत क्वचित दिसतात.

तेव्हा तुमचा चुलतकाका आजोबांच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "काका, हॉर्न."

"गप्प बस. मंत्र चालू आहे."

"बस एक. हॉर्न दो, काका."

आणि अंगठा उठला. पुरता नाही, पण उठला, बाजूला झाला. पाणी त्याच्या आणि बोटाच्या मधून पडलं, वडिलांच्या नावावर, बारीक धारेने. मग त्यांच्या आजोबांच्या नावावर, मग पणजोबांच्या. एकदोनदा धार चुकून चुलतकाकाच्या पायावर गेली. तो हलला नाही. घाटावरून उठताना आजोबांनी त्याच्याच खांद्याचा आधार घेतला, आणि वर येईपर्यंत त्याला ट्रक चालवण्याबद्दल पुष्कळ सूचना दिल्या.

घटस्थापनेच्या दिवशी, मुहूर्त बघून, मी स्वतः नव्या आवृत्तीचं बटण दाबलं. कुणाला बोलावलं नाही. नीट बसली, आणि तिच्यात चुलतकाकाची वेगवान वस्तू नव्हती.

तेव्हा तुम्ही या. लाडू होतील, मटारही असतील. मशीन बघा, हातात घ्या, आजोबांच्या समोर बसून खेळा. पण पुसायचं काही नाही. ते फास्ट व्हायची आम्हाला घाई नाही. धाकट्याने ट्रकला आगीच्या ज्वाळांचा रंग दिला होता, तो आजोबांनी काढून बँकेच्या तिजोरीसारखा राखाडी केला आहे. त्याबद्दल तक्रार असेल तर त्यांच्याकडे करावी, लेखी.

सध्या शिल्लक आहे ते इतकं. डबा चालतो. सुरू करताना दोन ओळी येतात आणि खालची जागेवर आहे. ट्रक आहे, हॉर्न उजव्या अंगठ्यावर आहे. करंगळी अजून हलत नाही. अंगठा हलतो.